गार रेडिएटरची नाडीपरीक्षा

पुण्या-नाशिकची थंडी स्वेटर, शाल आणि फार तर रात्रीच्या गोधडीवर भागते. घर तापविण्याची वेगळी व्यवस्था असावी, हा विचार महाराष्ट्रातील घरबांधणीत कधी शिरलाच नाही. त्यामुळे शिक्षण, संगणक क्षेत्रातील नोकरी किंवा रुग्णालयातील सेवा यांच्या निमित्ताने ब्रिटनमध्ये बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी कुटुंबाची भिंतीवरच्या पांढऱ्या पन्हाळी रेडिएटरशी गाठ पडते ती थेट ऑक्टोबरमध्ये. बटण दाबताच घर ऊबदार व्हावे, ही अपेक्षा रास्तच असते. प्रत्यक्षात मात्र दिवाणखाना भट्टीसारखा तापतो आणि शेजारची निजायची खोली तशीच गारठलेली राहते. मग थर्मोस्टॅट ३० अंशांवर नेऊन ठेवण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग काहीच नाही. थर्मोस्टॅट म्हणजे शेगडीची कळ नव्हे. कुठे थांबायचे, एवढेच तो सांगतो. तापलेली खोली आणखी तापते, गार खोली गारच राहते आणि गॅसचे बिल तेवढे फुगते.

हा प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहविषयक मार्गदर्शनात थंड हवामानाच्या प्रदेशांत घरातील तापमान किमान १८ अंश सेल्सिअस असावे, असे म्हटले आहे. तान्ही बाळे, वृद्ध आणि दमेकरी यांना त्याहून अधिक ऊब लागू शकते. लेकीच्या बाळंतपणासाठी भर डिसेंबरात मुंबईहून गेलेल्या आईला आणि नवजात नातवंडाला नेमकी तीच गार खोली वाट्याला आली, तर रेडिएटरची दुरुस्ती पुढच्या शनिवारवर ढकलता येत नाही. शिवाय सतत थंड राहणाऱ्या भिंतींवर दमटपणा धरतो आणि कोपऱ्यांत काळी बुरशी चढू लागते.

ब्रिटनमधील बहुसंख्य घरांत ही व्यवस्था पाण्यावर चालते. गॅसचा बॉयलर पाणी तापवितो, पंप ते नळ्यांतून घरभर फिरवितो, प्रत्येक रेडिएटर आपल्या वाट्याची उष्णता खोलीला देतो आणि निवलेले पाणी परतीच्या नळीने बॉयलरकडे जाते. रेडिएटर हे नावही तसे फसवे आहे. त्यातील उष्णतेचा मोठा भाग किरणांनी न पसरता तापून वर चढणाऱ्या हवेबरोबर पसरतो. म्हणूनच रेडिएटरला पाठ लावून ठेवलेला सोफा किंवा त्यावर लोळणारा जाड पडदा निम्मी ऊब गिळून बसतो. दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी हे अडथळे दूर करून पाहणे शहाणपणाचे.

त्यानंतरची परीक्षा तळहाताची. व्यवस्था अर्धा-पाऊण तास चालू ठेवून प्रत्येक रेडिएटरला वर, खाली आणि दोन्ही टोकांच्या नळ्यांना जपून स्पर्श करावा. जपून अशासाठी की तापलेला पत्रा चटका देण्याइतका गरम असू शकतो. कुठे गरम आणि कुठे गार, याच्या नोंदीतच बहुतेक वेळा निदान दडलेले असते.

खालचा भाग गरम आणि वरचा गार असेल, तर आत हवा साठली आहे. पाणीकपातीनंतर नळ सोडला की तो आधी सुस्कारे टाकतो आणि मग धार धरतो. तशीच ही अडकलेली हवा. हलकी असल्याने ती वर जमते आणि गरम पाण्याला तिथवर पोहोचू देत नाही. उपाय सोपा आहे. व्यवस्था बंद करून रेडिएटर निवू द्यावा. त्याच्या वरच्या कोपऱ्यात चौकोनी खुंटी असलेला छोटा स्क्रू असतो. त्याची किल्ली हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते. खाली फडके आणि वाटी धरून स्क्रू डावीकडे पाव ते अर्धा फेराच सैल करावा. तो पुरता काढू नये. फुस्स आवाज थांबून पाण्याची धार लागली की लगेच घट्ट करावा. हे पाणी अनेकदा काळपट असते आणि गालिच्यावर त्याचा डाग पडला, तर घरमालक तो विसरत नाही. तळमजल्यापासून सुरुवात करून वर जात राहावे.

येथे एक पायरी हमखास राहून जाते. हवा निघाली की व्यवस्थेतील दाबही उतरतो. आधुनिक बंदिस्त व्यवस्थेत बॉयलरवरील काटा, पाणी थंड असताना, साधारण १ ते १.५ बार दाखवीत असावा. तो फार खाली गेला, तर बॉयलर मुकाट बंद पडतो आणि हवा काढणाऱ्याला वाटते, आपण काहीतरी मोडले. बॉयलरखालच्या भरणीच्या नळ्या माहितीपुस्तिकेप्रमाणे हळूच उघडून दाब पूर्ववत करावा आणि त्या आठवणीने बंद कराव्यात. हाच काटा दर आठवड्याला खाली येत असेल, तर मात्र पाणी भरत राहणे हा उपाय नव्हे. कुठेतरी गळती असू शकते किंवा बॉयलरचा प्रसरणाचा डबा निकामी झालेला असू शकतो.

हवेचा उपद्रव पुन:पुन्हा होत असेल, तेव्हाही हेच लक्षात घ्यावे. ती नेहमी बाहेरून आलेली हवाच असते असे नाही. आतले पोलाद गंजत असले, तर त्या क्रियेत हायड्रोजन वायू तयार होतो. तो ज्वालाग्राही असल्याने त्या स्क्रूजवळ काडी किंवा लायटर नेऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

गंजाचे दुसरे रूप रेडिएटरच्या तळाशी सापडते. वरचा भाग गरम, पण खालचा, विशेषत: मधला भाग गार, असे लक्षण असेल तर हवा काढण्यात वेळ दवडू नये. तेथे गाळ बसला आहे. पाण्यातील प्राणवायू आणि पोलाद यांच्या संयोगाने काळे लोहभस्म तयार होते. ते जड असल्याने तळाशी साचते, चिखलासारखे घट्ट होते आणि पाण्याची वाट अडविते. एखादाच रेडिएटर असा असेल, तर कारागीर तो उतरवून अंगणात पाण्याच्या जोरदार धारेने धुतो. सगळ्यांची तीच गत असेल, तर यंत्राने संपूर्ण व्यवस्था धुऊन घ्यावी लागते, आणि ते स्वस्त काम नाही. त्यानंतर पाण्यात गंजरोधक द्रव मिसळला नाही आणि परतीच्या नळीवर लोहकण धरून ठेवणारी चुंबकीय गाळणी बसविली नाही, तर काही वर्षांत तोच खर्च पुन्हा दारात उभा राहतो. काटकसर म्हणून कारागिराला हे टाळायला सांगणारे घरमालक थोडे नाहीत.

एकच रेडिएटर पूर्ण गार आणि बाकीचे ठीक असतील, तर संशय त्याच्या बाजूच्या आकडे असलेल्या व्हॉल्व्हवर घ्यावा. उन्हाळाभर बंद राहिल्याने त्यातील बारीक खिळ अडकून बसते. वरची टोपी काढून ती बोटाने किंवा एखाद्या सपाट वस्तूने हलकेच दाबावी. ती परत वर उसळली पाहिजे. पक्कडीने उपटली, तर पाणी बाहेर येण्याचा धोका असतो. उन्हाळ्यात हे व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवले, तर ही वेळ सहसा येत नाही.

बॉयलरजवळचे रेडिएटर कढत आणि दूरचे कोमट, हे वाटपातील असमतोलाचे लक्षण. पाणी सोपी वाट धरते. दुसऱ्या टोकाच्या, टोपीखाली झाकलेल्या व्हॉल्व्हने जवळच्या रेडिएटरचा प्रवाह थोडा आवळला की दूरच्यांना पाणी मिळू लागते. हे काम चिकाटीचे आहे. एका वेळी पाव फेरा आणि मग थांबून पाहणे. वरच्या मजल्यावर टाकी असलेल्या जुन्या घरांत फक्त वरचे रेडिएटर गार असतील, तर त्या टाकीत पाणी आहे की तरंगणारा चेंडू अडकून ती कोरडी पडली आहे, हे पाहावे.

घरातील सगळेच रेडिएटर गार पडले, तर दोष बहुधा मुळाशी असतो. वेळापत्रक, थर्मोस्टॅट आणि दाबाचा काटा इतके तपासून घ्यावे. बाहेर गोठण थंडी असेल, तर आणखी एक जागा पाहावी. २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये नव्या गॅस बॉयलरसाठी वाफेतील उष्णताही वापरून घेणारा प्रकार जवळपास सक्तीचा झाला. त्यातून निघणारे पाणी एका प्लॅस्टिकच्या नळीने बाहेर जाते. ही नळी घराबाहेर गोठली की बॉयलर गुरगुरतो आणि थांबतो. २०१० च्या अतिथंड डिसेंबरात असंख्य घरांना हा अनुभव आला. नळीवर कोमट पाणी ओतले की ती मोकळी होते. उकळते पाणी मात्र ओतू नये.

घरगुती हाताची हद्द येथे संपते. बॉयलरचे आवरण उघडणे आणि गॅसच्या जोडणीला हात लावणे हे केवळ गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असलेल्या कारागिराचे काम आहे, असा तेथील कायदा आहे. २००९ मध्ये या नोंदणीने जुन्या कॉर्गी नोंदणीची जागा घेतली. कारागिराचे ओळखपत्र मागणे यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी तर आधी करार आणि कायदा आठवावा. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक व भाडेकरू कायद्यातील कलम ११ नुसार सर्वसाधारण अल्पमुदतीच्या भाडेपट्ट्यात घर तापविण्याची आणि गरम पाण्याची व्यवस्था चालू स्थितीत ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. गॅस उपकरणांची दरवर्षी तपासणी करून घेणेही त्याच्याकडेच. तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि तिच्यात तारीख, खोलीतील तापमान आणि रेडिएटर नेमका कुठे गार आहे, हे नमूद करावे. ‘हीटिंग चालत नाही’ या वाक्यापेक्षा ‘तीन रेडिएटर खालून गार आहेत’ हे वाक्य कारागिराला योग्य साहित्यानिशी दाराशी आणते.