विश्लेषण : सूर्य १,४८७ कोटी साखळ्या दूर! गुंठ्याच्या मापाने आकाश मोजले तर काय कळते?

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, पण जमिनीचा व्यवहार आजही गुंठ्यात बोलला जातो. दोन्हींची बाजू साधारण १० मीटर, म्हणून ‘एक गुंठा म्हणजे एक आर’ असा ढोबळ हिशेब अनेक जण करतात. त्यातली चूक बांधावर उभे राहून दिसत नाही. तेच माप चंद्र-सूर्यापर्यंत नेले, की ती डोळ्यांत भरते.

साखळी म्हणजे नेमकी किती लांबी?

मुंबई इलाख्यातील जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची होती. तिचे १६ भाग केलेले असत. प्रत्येक भाग म्हणजे एक आणा, दोन फुटांहून किंचित जास्त. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर.

इंग्लंडमधील ६६ फुटांच्या ‘गुंटर साखळी’च्या ही बरोबर निम्मी. ती साखळी १६२०च्या सुमारास प्रचारात आणणारे एडमंड गुंटर लंडनच्या ग्रेशम कॉलेजात खगोलशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे शेत मोजण्याचे हे प्रसिद्ध साधन एका खगोलशास्त्रज्ञाकडून आले.

आकाशातील अंतरे साखळीत किती?

फूट ०.३०४८ मीटरचा धरला, तर ३३ फुटांची साखळी १०.०५८४ मीटर होते. किलोमीटरचा आकडा ९९.४२ ने गुणला की साखळ्या मिळतात.

- चंद्र (सरासरी ३,८४,४०० किमी) : सुमारे ३ कोटी ८२ लाख साखळ्या
- सूर्य (सुमारे १४ कोटी ९६ लाख किमी) : सुमारे १,४८७ कोटी साखळ्या
- प्रकाशाचा वेग : सेकंदाला सुमारे २ कोटी ९८ लाख साखळ्या
- सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी (सुमारे ४.२५ प्रकाशवर्षे) : सुमारे ४० कोटी कोटी साखळ्या

साखळी १० मीटरची धरली तर?

साखळी आणि १० मीटर यांत फरक केवळ ५.८४ सेंटीमीटरचा, म्हणजे चार बोटांहूनही कमी. चंद्रापर्यंतच्या साखळ्या मोजून प्रत्येक १० मीटरची धरली, तर हिशेब चंद्राच्या सुमारे २,२३० किलोमीटर अलीकडेच संपतो. सूर्याच्या बाबतीत तूट ८ लाख ६८ हजार किलोमीटरची पडते. पृथ्वी-चंद्र अंतराच्या दुपटीहूनही ती जास्त आहे.

क्षेत्रफळात हीच चूक लांबी आणि रुंदी अशी दोन्हीकडून लागते. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, तर एक आर १०० चौरस मीटरचा. एका गुंठ्यामागे फरक जेमतेम सव्वा चौरस मीटरचा. पण ४० गुंठे म्हणजे ४० आर असे कोणी लिहून घेतले, तर सुमारे ४७ चौरस मीटर, म्हणजेच ५०४ चौरस फूट जागा कागदावरून नाहीशी होते. शहरात एवढ्या जागेत एक छोटा फ्लॅट बसतो. एक एकर म्हणजे ४०.४७ आर, हा आकडा लक्षात ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

अशी गफलत देशपातळीवरही होते?

अमेरिकेत १९५९ नंतरही दोन वेगळे फूट वापरात होते. एक नेहमीचा आणि दुसरा जमीन मोजणीचा. दोघांत फरक दहा लाखांत दोन भाग इतकाच. एका भूखंडात तो जाणवतही नाही, पण सूर्याच्या अंतरात तो सुमारे ३०० किलोमीटर होतो. २०२२च्या अखेरीस तिथे मोजणीचा जुना फूट अधिकृतपणे निवृत्त करण्यात आला.

आकाशात साखळी धरते कोण?

तिथे साखळी पोहोचत नाही, पण पद्धत मोजणीचीच आहे. १८०२मध्ये विल्यम लॅम्ब्टन यांनी मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली. त्यापुढे त्रिकोणांची मालिका उभी राहिली. एक बाजू आणि तिच्या दोन टोकांचे कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात.

१८३८मध्ये फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातील एका ताऱ्याचे अंतर याच तत्त्वावर काढले. त्यांची आधाररेषा होती पृथ्वीच्या कक्षेचा व्यास, सुमारे ३० कोटी किलोमीटर. पृथ्वीची जागा बदलते तसा जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. या सरकण्याला पराशय म्हणतात. आधाररेषाच चुकली, तर ताऱ्याचे अंतरही त्याच प्रमाणात चुकते.

आता माप ठरते कशावर?

प्रकाशावर. १९८३पासून प्रकाश निर्वात पोकळीत १/२९,९७,९२,४५८ सेकंदात जेवढे अंतर कापतो, तेवढा एक मीटर. मोजणीच्या टोटल स्टेशन यंत्रातही आरशावरून परतणाऱ्या प्रकाशावरूनच अंतर निघते. चंद्रावर १९६९मध्ये अपोलो-११च्या अंतराळवीरांनी ठेवलेल्या परावर्तकावर लेसर सोडून याच तत्त्वाने चंद्राचे अंतर मोजले जाते. त्या प्रकाशाला जाऊन यायला सुमारे अडीच सेकंद लागतात.

गुंठ्याचे आर करताना त्यामुळे एवढेच करावे : गुंठ्यांचा आकडा १.०११७ ने गुणावा आणि मगच कागदावर सही करावी.