प्रेशेरेनचे सुनीत आणि ६ एप्रिलचे कोडे

ल्युब्लियानाच्या मुख्य चौकात फ्रान्त्से प्रेशेरेन (१८००–१८४९) या स्लोव्हेनियाच्या राष्ट्रकवीचा पुतळा १९०५ पासून उभा आहे. त्याची नजर जवळच्या रस्त्यावरील एका भिंतीत बसवलेल्या स्त्रीमूर्तीकडे लागलेली आहे. ती मूर्ती युलिया प्रिमित्सची. ‘कवीची प्रेयसी’ ही तिची रूढ ओळख. वस्तुतः तिने त्याला प्रतिसाद दिला नाही आणि १८३९ मध्ये दुसऱ्याशी विवाह केला.

या कथेचा मोठा आधार म्हणजे एक सुनीत. १८३३ साली, ईस्टरच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास त्रनोवोच्या चर्चमध्ये दोन डोळ्यांच्या ज्योतीने आपले दुःख जन्माला घातले, असे कवी त्यात सांगतो. वर्ष, दिवस, वेळ, स्थळ असा तपशील पाहून चरित्रकारांनी ही घटना प्रत्यक्षातली मानली. फ्रान्त्से किद्रिच यांच्या १९३८ च्या ग्रंथाच्या शीर्षकातच कवीचे आणि कवितेचे जीवन एकत्र नांदते.

आक्षेप घेणारे बोट ठेवतात ते पंचांगावर. त्या वर्षी ईस्टर ७ एप्रिलला होता. म्हणजे भेट ६ एप्रिलची. नेमक्या याच तारखेला, १३२७ साली, आव्हिन्योंच्या चर्चमध्ये आपल्याला लॉरा प्रथम दिसली, असे पेत्रार्क सांगतो. गंमत अशी, की तो दिवस त्याने गुड फ्रायडे म्हणून रंगवला आहे. प्रत्यक्षात १३२७ चा ६ एप्रिल सोमवार होता. ज्या नमुन्यावरून प्रेशेरेनने आपली भेट बेतली, तो नमुनाच असा सजवलेला असेल, तर त्रनोवोची साक्ष कितपत ग्राह्य धरावी?

केवळ काव्यपरंपरा म्हणूनही प्रकरण मिटत नाही. १८३४ च्या ‘सुनीतमाले’तील अखेरच्या, पंधराव्या सुनीताच्या ओळींची आद्याक्षरे जोडली की युलियाचेच नाव उमटते. लॉराची ओळख आजही वादग्रस्त आहे. ही मुलगी मात्र त्याच शहरात राहणारी होती, आणि त्रनोवोच्या त्या दिवशी अवघी सोळा वर्षांची. शिवाय १८३३ चा ईस्टर काही कवीने ठरवला नव्हता. कदाचित त्याने तिला खरोखरच तेथे पाहिले असेल, आणि तारखेचा योगायोग ध्यानात येताच पेत्रार्कची चौकट हाती घेतली असेल. मला हीच शक्यता अधिक पटते. सिद्ध करण्याजोगी मात्र ती नाही.

त्रनोवोच्या सुनीतात युलियाचे नाव कोठेही नाही. ते वाचकांनी तेथे नेऊन ठेवले, आणि पुढे शिल्पकारांनी भिंतीत बसवले.