श्वानाच्या एका वेतातील पिल्लांची संख्या : एक विवेचन

प्रस्तावना : भटक्या श्वानांच्या संख्यावाढीची चर्चा करताना एका वेतातील पिल्लांची संख्या वेतांच्या संख्येने गुणून भविष्यातील आकडे मांडले जातात. हे गणित शास्त्रीय कसोटीवर कितपत टिकते, हे पाहणे आवश्यक आहे.

विवेचन : कुत्रीचा गर्भधारणाकाल सुमारे ६३ दिवसांचा असतो. नॉर्वेतील २२४ जातींच्या १०,८१० वेतांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वेतात सरासरी ५.४ पिल्ले आढळली. अतिलघु जातींत ही सरासरी ३.५, तर महाकाय जातींत ७.१ होती. यावरून जातीचे शरीरमान हा प्रमुख निर्धारक घटक ठरतो. २००४ मध्ये इंग्लंडमधील एका नेपोलिटन मॅस्टिफ कुत्रीने २४ पिल्लांना जन्म दिला. परंतु तो अपवाद होय.

तथापि जन्मलेले प्रत्येक पिल्लू प्रौढ होत नाही. पश्चिम बंगालमध्ये २०१० ते २०१५ या काळात भटक्या श्वानांच्या ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचे निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी केवळ १९ टक्के पिल्ले प्रजननक्षम वयापर्यंत जगली. म्हणजेच एका वेतामागे सरासरी एकही नाही. अनेक मृत्यूंना मनुष्यच प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कारणीभूत होता.

निष्कर्ष : केवळ जन्मसंख्येवर आधारलेली भाकिते अतिरंजित ठरतात. मात्र त्यामुळे निर्बीजीकरण अनावश्यक ठरत नाही. संख्येवरील जे नियंत्रण आज पिल्लांच्या मृत्यूतून घडते, ते जन्मापूर्वीच साधणे अधिक मानवीय होय. २००१ व त्यानंतरच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतील निर्बीजीकरणाचे महत्त्व याच दृष्टीने जाणून घ्यावयास हवे.