कोपऱ्यांनी वाढणारा पट

घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांत शनिवारी रात्री रमीच्या जोडीला आता परदेशी बोर्ड गेमही मांडले जातात. 'टॅलिसमन' हा त्यातला मुरलेला खेळ. रॉबर्ट हॅरिस यांनी रचला, ब्रिटनच्या गेम्स वर्कशॉपने १९८३ मध्ये बाजारात आणला. फासा टाकायचा, पडेल तितकी घरं जायचं. डावीकडे की उजवीकडे, ते आपण ठरवायचं. राक्षस आडवा आला की दोघांसाठी फासे टाकून त्यात ज्याचं त्याचं बळ मिळवायचं. बेरीज मोठी, त्याची सरशी.

या खेळाच्या पुरवण्या वेगवेगळ्या विकत मिळतात. चौथ्या आवृत्तीत मूळ चौकोनी पटाच्या कोपऱ्यांना तळघर, डोंगर, शहर आणि जंगल असे चार पट जोडता येतात. एक जोडा, चारही जोडा. गाभ्याचे नियम तेच राहतात.

मला मात्र पट न वाढवणारी 'रीपर' ही पुरवणी जास्त हुशार वाटते. चाल करताना एक पडला की तो खेळाडू आपल्या चालीनंतर यमदूताची सोंगटीही हलवतो. ज्याच्या घरात ती थांबेल त्याने फासा टाकायचा. पुन्हा एक पडला तर पात्र ठार! एरवी फुकट गेलेलं दान असं हत्यार बनतं.

चारही कोपरे जोडायचे तर टूबीएचकेतलं जेवणाचं टेबल विसरा, सतरंजीच अंथरा. आणि डाव लवकर मांडा, रात्र पुरत नाही.