बाळाच्या चेहऱ्यावरची खूण

"शिंदी म्हणजे झाडाचंच पाणी, पोटुशीनं घोटभर घेतलं तर काय होतंय?" असे म्हणणाऱ्या म्हाताऱ्या सोलापूरच्या वस्त्यांतून आजही भेटतात. भगिनींनो, शिंदी असो, हातभट्टी असो की बाटलीतली बिअर, आत अल्कोहोल एकच. ते आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळात उतरते आणि ते पचवण्याइतके बाळाचे यकृत तयार झालेले नसते.

1968 साली फ्रान्समधील नांत शहराचे डॉक्टर पॉल लेमवान यांनी दारुड्या आईबापांच्या 127 मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. 1973 साली अमेरिकेतील सिएटलच्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी या विकाराला नाव दिले, फीटल अल्कोहोल सिंड्रोम. अशा मुलांची वाढ खुंटते, डोके लहान राहू शकते, पुढे शिकणे आणि लक्ष लागणे जड जाते. चेहऱ्यावर तीन खुणा असतात. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ आणि नाकाखालची उभी पन्हळ सपाट.

चेहऱ्यावरच का? गर्भाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यात चेहऱ्याचा मधला भाग आणि मेंदूचा पुढचा भाग यांची घडण जोडीने सुरू होते. एकावर घाव बसला की दुसऱ्यावरही बसतो. आणि त्या वेळी पाळी चुकल्याचेही बाईच्या ध्यानात आलेले नसते! म्हणून तिला गुन्हेगार ठरवू नये. पंचशीलातले पाचवे शील घरातल्या पुरुषांनाही आहे. घरात बाटली आणतो कोण, हेही विचारावे.

तान्ह्या बाळाचा चेहरा गुबगुबीत असतो, त्यामुळे या खुणा नुसत्या डोळ्यांनी ओळखणे अवघड. येथे कॅमेरा मदतीला येतो. अनेक कॅमेरे एकाच क्षणी चेहरा टिपतात. ना सुई, ना एक्स-रे. संगणक त्यातून चेहऱ्याचे चढउतार मोजून त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहतो. इंग्लंडमधील पीटर हॅमंड आणि मायकेल सटी यांच्या चमूने 2013 साली असा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दक्षिण आफ्रिकेच्या केप भागातील मुलेही होती. वरवर चेहरा नेहमीसारखा असलेल्या काही मुलांतही संगणकाला बारीक फरक सापडले. त्या भागातील द्राक्षमळ्यांत मजुरांना मजुरीपोटी वाइन पाजण्याची 'डॉप' नावाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली. कष्टकऱ्याला नशेत ठेवले की मालकाचे फावते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पण यंत्रावर सारा भार टाकता येत नाही. डोळ्याची फट, ओठाची ठेवण प्रत्येक लोकसमूहात निराळी असते. अमेरिकन बाळाची मापे सोलापूरच्या बाळाला लावून चालणार नाहीत. गरोदरपणी घेतलेल्या फिट्सच्या काही गोळ्यांमुळेही ओठ असाच दिसू शकतो. उलट, दारूची झळ लागलेल्या पुष्कळ मुलांचा चेहरा अगदी साधा असतो. म्हणून कॅमेरा नसला तरी अंगणवाडीत वजन-उंची मोजून घ्यावी, डोक्याचा घेरही मोजायला सांगावे. 2013 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील व शाळेतील मुलांची तपासणी मोफत होते. पथक आले की मूल घरी ठेवू नये.

डॉक्टरांनी "गरोदरपणी दारू घेतली होती का?" असे विचारले तर लाजून नाही म्हणू नका. किती घेतली, कोणत्या महिन्यात, हे सासूला बाजूला बसवून एकटीने सांगा. बाळाला सर्दी झाली म्हणून ब्रँडीचे थेंब चाटवत असाल, तर तेही सांगा आणि आजपासून थांबवा.