बीकनची फ्रिक्वेन्सी नेमकी का बसत नाही?
30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारी-सास्तूर भागातून हॅम रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले. आज धाराशिवमध्ये लायसन्स काढून कुणी मुलगा-मुलगी घरीच बीकन, म्हणजे आपली खूण आपोआप पाठवत राहणारा छोटा ट्रान्समीटर, बनवत असेल तर अडचण एकच येते. मंद मोर्समध्ये दोन सुरांत साधारण 5 हर्ट्झचंच अंतर ठेवतात. 14 मेगाहर्ट्झवर म्हणजे एक कोटी चाळीस लाखांत पाच!

सेट अर्धा तास चालू ठेवा, मग दोन सुरांतला फरक मोजा. रिसीव्हरची चूक दोन्हीकडे सारखीच असते, ती वजा होते. फरक बरोबर, पण दोन्ही सूर सरकतात? क्रिस्टल तापतोय. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुसरं काय होणार, थर्माकोलने झाका. फरकच चुकतोय? मग व्हॅरॅक्टर डायोडला मिळणारं व्होल्टेज तपासा.