ओढ्याच्या पाण्याचे मोजमाप

‘यंदा ओढ्याला पाणी कमी आहे’ असे आपण सहज म्हणतो; पण किती कमी, हे सांगता येत नाही. पाण्याची वाटणी करताना वाद होतात, ते बहुधा या अंदाजांमुळेच. वास्तविक लहान प्रवाह मोजण्यास महागड्या यंत्रांची आवश्यकता नाही. मोजपट्टी, खुणा केलेली काठी, घड्याळ आणि पाण्यावर तरंगणारी एखादी वस्तू एवढे साहित्य पुरेसे असते.

प्रथम ओढ्याचा सरळ व निर्वेध भाग निवडावा. समजा, तेथे पात्राची रुंदी ४ मीटर आहे. एका काठापासून दर मीटरला काठीने खोली मोजली असता ती ४०, ७० आणि ५० सेंटिमीटर भरली. दोन्ही काठांशी खोली शून्य आहे. प्रत्येक भागाच्या दोन्ही टोकांच्या खोलींची सरासरी काढली, तर चार भागांची खोली अनुक्रमे २०, ५५, ६० व २५ सेंटिमीटर येते. या चारही भागांची सरासरी ४० सेंटिमीटर, म्हणजे ०.४ मीटर होते. म्हणून प्रवाहाच्या काटछेदाचे क्षेत्रफळ ४ × ०.४ = १.६ चौरस मीटर झाले.

आता वेग मोजू. काठावर २० मीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात. अर्धी पाण्याने भरलेली बंद बाटली वरच्या खुणेच्या थोडे अलीकडे सोडावी. दोन खुणांमधील अंतर कापण्यास तिला ४० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला ०.५ मीटर होय. असे तीन-चार वेळा करून सरासरी घ्यावी. तळाशी व काठांशी घर्षण होत असल्यामुळे तेथील पाणी संथ वाहते. म्हणून पृष्ठभागावरील वेगाला सुमारे ०.८ ने गुणतात. येथे तो ०.४ मीटर होतो.

क्षेत्रफळ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे विसर्ग. १.६ × ०.४ = ०.६४ घनमीटर, म्हणजेच सेकंदाला ६४० लिटर पाणी. तासाभरात येथून सुमारे २३ लाख लिटर पाणी वाहून जाते!

पातळीची रोज नोंद घेण्यासाठी पात्रात आकडे रंगवलेली पट्टी पक्की बसवावी. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने तिच्या शून्याची उंची जवळच्या कातळावरील किंवा पुलावरील कायम खुणेशी ताडून लिहून ठेवावी. पुरात पट्टी वाहून गेली, तरी नवी पट्टी त्याच उंचीवर बसवता येते व जुन्या नोंदी वाया जात नाहीत.

अशा पट्टीचे मोल कोल्हापूरकर जाणतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली, की इशारा मिळतो. ४३ फूट ही धोक्याची पातळी होय. पट्टीवरील आकडा ऐकून नदीकाठची कुटुंबे वेळेवर सामान हलवतात.

मात्र पूर असताना मोजमापासाठी पाण्यात कधीही उतरू नये. पट्टी काठावरूनच वाचावी. नेमाने ठेवलेली ही वही उन्हाळ्यात पाण्याच्या न्याय्य वाटणीला आधार देते आणि पावसाळ्यात गावाला सावध करते.